सुई पडली की हात वर

"त्याला सांगा, ठेका धरून वाजव म्हणावं. पळायलाय त्यो."

हेडफोनमधून हे वाक्य माझ्या कानात आलं. मी कन्सोलवरचं बोलायचं बटण दाबलं, घसा खाकरला आणि म्हणालो, "विलासराव, थोरले म्हणतायत की ठेका... जरा धरून."

"थोरल्यांस्नी म्हणावं, मी पळत न्हाई. त्येंचाच ढोल मागनं चालत यायलाय."

मी पुन्हा बटण दाबलं. "ज्योतिरामअण्णा, ते म्हणतात की..."

"ऐकलं मी."

ऐकलं असणारच. बँडपैकी हेडफोन त्या दोघांनाच दिलेले होते आणि दोघांच्याही कानांत सगळे माइक मिसळून जात होते. भाऊ भावाचा शब्दन् शब्द ऐकत होता. तरी निरोप मात्र माझ्यामार्फत. मी जन्माचा मुखदुर्बळ माणूस. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं तर दुकानाच्या पाट्या वाचत उभा राहणारा. माझ्या वाट्याला हे काम यावं, याचं मला आजही नवल वाटतं.

आमचा स्टुडिओ कोल्हापुरात एका बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीत होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना वाकळा टांगल्या होत्या, आणि दमट दिवसांत त्यांच्याआडून शेंगदाण्याच्या तेलाचा वास यायचा. मुख्य रेकॉर्डिस्ट नार्वेकर. मी त्यांच्या हाताखाली वायरी गुंडाळायचो, माइक पुसायचो आणि उरलेल्या वेळात ध्वनिशास्त्राची पुस्तकं वाचायचो. त्या आठवड्यात नार्वेकरांना गालगुंड झालं. मालक इंगवले म्हणाले, "करमळकर, तुम्ही बसा. एवढी पुस्तकं वाचलीत, ती कुठंतरी खपवा की."

रेकॉर्डिंग होतं 'वायदंडे बंधू ब्रास बँड'चं. आषाढ होता. लग्नाचे मुहूर्त नाहीत, वराती नाहीत, बँडवाले रिकामे. गणपतीच्या आत कॅसेट बाजारात आणायची असा इंगवल्यांचा बेत होता.

बँड दोघा भावांचा. थोरले ज्योतिराम पोटावर मोठा ढोल बांधायचे. बँडचं नाव नेहमी मोठ्या ढोलावर लिहिलेलं असतं. लाल रंगात, गोल ओळीत, मधोमध कमळ. वडिलांनी तो ढोल वागवला, मग ज्योतिरामांनी. धाकटा विलास साइड ड्रमवर. त्याच्या काड्या चालायला लागल्या की कढईत फुटाणे उडाल्यासारखं वाटायचं. नवरदेव मांडवाच्या दारात आला की बाकी सगळे थांबत आणि विलास एकटा वाजवी. त्याला ते 'तुकडा' म्हणत. तुकडा रंगात आला, की ज्योतिराम ढोलावर एक टोला हाणत. धम्म! की संपलं. सगळा बँड पुन्हा सुरू.

तो टोला केव्हा पडायचा हे ज्योतिराम ठरवत. आणि तेच भांडणाचं मूळ.

हे सगळं मला क्लॅरिनेट वाजवणाऱ्या दस्तगीर मास्तरांनी सकाळी चहा पिताना सांगितलं. "जयसिंगपुरात लगीन हुतं बघा. विलास असला रंगला हुता, बायका गच्चीवरनं वाकून बगाय लागल्या. आन् मधीच ह्यांनी धम्म केलं. पोरगं तसंच काड्या वर धरून हुबं. लोक हसले. त्या दिवसापास्नं दोघांत बोलणं न्हाई. 'मास्तर, त्याला सांगा' आन् 'मास्तर, त्येंस्नी सांगा.' मी क्लॅरिनेट फुंकू का निरोप फुंकू?"

"पण बँड तर एकच आहे," मी म्हणालो.

"कुठवर? मिरजेच्या एका बँडाची सुपारी घेतलीया त्यानं. ही कॅसेट झाली की चालला." मास्तरांनी बशीतला उरलेला चहा ओढला. "थोरल्यास्नी म्हाईत हाय. म्हणून तर हल्ली ढोल आसा वाजायलाय, जणू ढोलानंच काय गुन्हा केलाय."

मला खरोखर दुसरीच धास्ती होती. तेव्हा आमच्याकडे दोन ट्रॅकचंच टेपमशीन होतं. वाजेल ते तिथल्या तिथे मिसळून टेपवर जायचं. नंतर सुधारायची सोय नाही. आणि मोठ्या ढोलाचा टोला टेपवर फाटतो, हे नार्वेकर नेहमी सांगत. फाटला तर सगळ्या बँडचं मातेरं. यावर पुस्तकात एक उपाय होता. तो मी इतक्यांदा वाचला होता की पान मला पाठ होतं. करून मात्र कधीच पाहिला नव्हता.

उपाय असा. सगळ्या तालवाद्यांचे माइक, म्हणजे साइड ड्रम, मोठा ढोल, झांजा, खुळखुळा, कन्सोलवर एकाच ग्रुपला जोडायचे. चार ओहोळ एका पाटात सोडावेत तसे. मग त्या ग्रुपच्या मागच्या तोंडातून केबल बाहेर काढायची, कॉम्प्रेसर नावाच्या वेगळ्या डब्यातून फिरवायची आणि पुन्हा कन्सोलमध्ये आणायची. हा डबा म्हणजे पाटाच्या तोंडाशी बसलेला एक कंजूष माणूस. पाणी जोरात आलं की फळी खाली दाबतो, कमी झालं की उचलतो. किती दाबलं हे डब्यावरची सुई दाखवते. शिवाय दाबून जेवढं कमी झालं तेवढं शेवटी एका बटणानं सगळंच वाढवून घ्यायचं. म्हणजे मोठं फार मोठं होत नाही आणि बारीकसारीक आवाजही वर येतात.

नार्वेकरांनी तो डबा मुंबईहून जुना आणला होता आणि त्यावर कॅलेंडर ठेवलं होतं. मी कॅलेंडर उचललं, धूळ पुसली, केबली जोडल्या. एकदा चुकीच्या जोडल्या, मग बरोबर जोडल्या. ज्योतिरामांना काचेपलीकडच्या छोट्या खोलीत उभं केलं, जिथे पूर्वी तेलाच्या डब्यांचं वजन करत. बाकीचे मोठ्या खोलीत; दोन्हीकडचं मला काचेतून दिसे.

"अण्णा, एकदा ढोल वाजवून दाखवता?"

त्यांनी वाजवला. धम्म. धम्म. मी त्यावर बटणं बेतली. सुई थोडी खाली जाई, पुन्हा वर येई. पुस्तकातल्या चित्रासारखी. मला इतका आनंद झाला की मी स्वतःशीच हसलो. काचेतून ज्योतिराम माझ्याकडे संशयानं बघत असलेले दिसले, तेव्हा हसू आवरलं.

एक गोष्ट पुस्तकात नव्हती. वाजवून दाखव म्हटलं की माणूस पाहुण्याच्या घरी वाजवावं तसं वाजवतो. खरं वाजवायला लागला की तो वरातीत असतो.

पहिलं रेकॉर्डिंग सुरू झालं. दस्तगीर मास्तरांनी सूर धरला, पिपाण्या उठल्या, आणि ज्योतिरामांनी जो टोला हाणला त्यानं काच थरथरली. डब्यावरची सुई धाडकन डावीकडे पडली आणि बराच वेळ तिथेच राहिली. पण टेपच्या मशीनवर सगळं ठीक होतं, आवाज फाटत नव्हता. कानांपेक्षा माझं लक्ष सुयांवरच होतं; मी म्हटलं, डबा आपलं काम करतोय. तुकडा आला, विलास एकटा वाजवू लागला. आज तर त्याला पुरता सूर लागायच्या आतच टोला पडला. धम्म! विलासनं मान खाली घातली आणि पुढचा ठेका धरला.

रिवाज असा की पहिलं रेकॉर्डिंग सगळ्यांनी आत येऊन ऐकायचं. सगळे माझ्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले. खुर्ची एकच होती. ज्योतिराम तिच्यावर बसले नाहीत म्हणून विलासही बसला नाही, आणि ते दोघं उभे म्हणून मास्तर उभे. खुर्ची रिकामीच. मी टेप लावली.

थोडं वाजलं आणि माझे कान तापू लागले. ढोलाचा प्रत्येक टोला पडला की साइड ड्रम बुडत होता. झांजा बुडत होत्या. मग विलासच्या काड्या हळूहळू वर येत, आता नीट ऐकू येणार तेवढ्यात पुढचा टोला, आणि पुन्हा पाण्याखाली. माझी चूक मला लख्ख कळली. सगळे एकाच पाटात. एकानं जोर केला की फळी सगळ्यांवरच पडते. आणि ती उचलायची घाई नको असं मी बटण लावून ठेवलं होतं.

गाणं संपलं. खुळखुळावाल्यानं "भारी झालंय" म्हटलं आणि कुणी दुजोरा देईना म्हणून तो कन्सोलवरची बटणं मोजू लागला.

"परत लावा," ज्योतिराम म्हणाले.

मी परत लावलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"ह्यो ड्रम कुठं जातोय? मी हाणलं की?"

"ती माझी चूक आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "हा डबा आहे ना... मोठा आवाज आला की तो सगळ्यांना दाबतो. म्हणजे दाबायचं असतं, पण इतकं नाही. तुमचा ढोल फाटू नये म्हणून मी..."

"म्हंजे हाणतोय मी आन् दबतोय ह्यो."

"तुमच्यामुळे नाही. डब्यामुळे. मी आत्ता काढून टाकतो. केबल काढली की झालं."

ज्योतिराम पुढे वाकले. "सुई कुठली म्हणालासा?"

मी दाखवली, आणि टेपचा आवाजही त्याच ग्रुपमधून डब्यात सोडला. "आणखी एकदा लावा." या वेळी त्यांनी ऐकलं नाही, फक्त बघितलं. टोला, सुई खाली. टोला, सुई खाली. तुकडा आला. विलासच्या काड्या एकट्या वाजू लागल्या तशी सुई सावकाश वर चढली. तो वाजवताना श्वास कसा घेतो ते ऐकू यायला लागलं, खांद्यावरच्या पट्ट्याची करकरसुद्धा. इतकं बारीक. मग धम्म, आणि सगळं गेलं.

विलास दाराच्या चौकटीला टेकून वाकळेचा दोरा ओढत होता. मास्तर म्हणाले, "ज्योतीबा, वरातीत बी..." आणि पुढचं गिळून टाकलं.

मी केबलीला हात घातला.

"ऱ्हाऊ दे ती," ज्योतिराम म्हणाले. "आसंच ठेवा. तिकडनं काचेतनं ही सुई दिसंल का?"

"नाही दिसणार. फार लहान आहे."

"मग आसं करा. सुई पडली की हात वर करा. तुमचा हात दिसतोय मला."

"अण्णा, पण बटण फिरवलं की आपोआपच..."

"तुमी हात वर करा की ओ. येवढंच सांगतोय."

खरं सांगायचं तर मी तेव्हा बटणं सुधारायला हवी होती. कुठल्याही रेकॉर्डिस्टनं तेच केलं असतं. मी का केलं नाही? थोरल्या माणसापुढे बोलायची माझी छाती नव्हती, एवढंच कारण असेल. त्याहून मोठं काही सुचलं होतं असं म्हणायला मी धजत नाही.

दुसरं रेकॉर्डिंग. टेप फिरू लागली. मी एक डोळा सुईवर ठेवला. उजवा हात मांडीवर, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा तयार. पहिला टोला. सुई पडली, मी हात वर केला. काचेपलीकडे ज्योतिरामांनी मान हलवली. दुसरा टोला, हात अर्धा वर. तिसऱ्याला सुई थोडीशीच कलली आणि माझा हात मांडीवरून उठता उठता राहिला. पुढे त्याला काम उरलं नाही. ज्योतिरामांचा हात ढोलाला लागे तो झोपलेल्या पोराच्या पाठीवर थापटावं तसा. ठेका तोच, जागा तीच, फक्त वजन गेलं होतं. आणि त्या ठेक्यावर साइड ड्रम असा मोकळा वाजू लागला की झांजवाला वाजवता वाजवता मागे वळून विलासकडे बघू लागला.

तुकडा आला. सगळे थांबले. विलास एकटा.

त्याची नेहमीची जागा आली. जिथे टोला पडायचा, ती. त्याचा खांदा आपसूक आक्रसला, मार चुकवावा तसा. टोला पडला नाही. मी काचेकडे बघितलं. ज्योतिराम ढोलाची काठी खाली सोडून उभे होते आणि नजर माझ्या हातावर होती.

विलास पुढे गेला. आधी बिचकत, मग रंगून. मी असा ड्रम त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. फुटाणे, मग पत्र्यावरच्या गारा, मग दूरवर बैलांच्या घुंगरांसारखं काहीतरी. टेप किती उरली ते मी बघायचं विसरलो. मास्तर क्लॅरिनेट छातीशी धरून उभे होते.

आणि मग माझ्या लक्षात आलं की विलास त्याच त्याच गोष्टी फिरवून वाजवतोय. फुटाणे पुन्हा आले. गारा पुन्हा आल्या. त्यानं एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा काचेकडे. त्याच्या कपाळावर घाम आला होता. उभ्या आयुष्यात त्यानं तुकडा संपवलाच नव्हता. संपवणारा दुसरा होता. थांबायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं.

ज्योतिराम हलेनात. ते रागानं थांबले होते की त्याच्या मर्जीवर सोडून थांबले होते, मला सांगता येणार नाही. चेहऱ्यावरून काही कळत नसे त्यांच्या.

काड्यांचा आवाज बारीक होत गेला. इतका बारीक की डब्यावरची सुई अगदी उजवीकडे जाऊन टेकली. पट्ट्याची करकर वर आली, श्वास वर आला. आणि त्या श्वासाबरोबर, ओठ हलले न हलले, विलासच्या तोंडून आलं :

"दादा."

मोठ्या खोलीत शेजारी उभ्या असलेल्या झांजवाल्यालाही ते ऐकू गेलं नाही, असं तो नंतर म्हणाला. पण साइड ड्रमच्या माइकनं ते उचललं, कन्सोलमधून ग्रुपमध्ये गेलं, डब्यानं वाढवलं, आणि काचेपलीकडे ज्योतिरामांच्या दोन्ही कानांत नेऊन ठेवलं. मला त्यांची मान झटकन वर झालेली दिसली.

त्यांनी टोला दिला. एकच, हलका. सुई जेमतेम थरथरली. सगळा बँड उठला.

संध्याकाळी इंगवले आले आणि टेप ऐकली. "झकास! ढोल फाटला नाही कुठं. पण हे मधेच 'दादा' कोण म्हणतंय? ते काढा. उद्या पुन्हा बोलवा त्यांना."

"राहू द्या," मी म्हणालो.

"काय?"

"राहू द्या ते. पुन्हा तसं वाजणार नाही."

इंगवल्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू कॉम्प्रेसर बोलला. मलाही तसंच वाटत होतं. आयुष्यात मी कुणाला 'नाही' म्हटल्याचे प्रसंग फार थोडे. ते काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी टेप तशीच पाठवली.

पण त्याआधी, दुपारी, अंगणात बँडवाले सामान टेम्पोत चढवत होते. मी वायरी गुंडाळत दारात उभा होतो. ज्योतिराम ढोल उचलायला वाकले.

"दादा, सोड," विलास म्हणाला. मास्तर मध्ये नव्हते, मीही नव्हतो. "कंबर धरलीया तुजी. आन हिकडं."

"खरवडशील. रंग नवा हाय."

"न्हाई खरवडत."

त्यानं ढोल पोटाशी धरून उचलला. ज्योतिराम माझ्याकडे वळले. "शेवटाला हात वर केला न्हाईसा?"

"सुई पडलीच नाही अण्णा. थोडी हलली फक्त."

"हलू दे तेवढी," ते म्हणाले आणि टेम्पोत बसले.

विलास मिरजेला गेला नाही. पुढे मास्तर एकदा महाद्वार रोडवर भेटले. मी नेहमीप्रमाणे पाट्या वाचत होतो, त्यांनीच खांदा धरून वळवलं. "भांडत्यात अजून," ते म्हणाले. "पर आता थेट भांडत्यात. मी सुटलो."

त्या गणपतीत कॅसेट बरीच वाजली. मंडळांच्या पोरांना तो 'दादा' सापडला. तुकडा संपत आला की मांडवातली सगळी पोरं श्वास रोखून धरत आणि एका सुरात ओरडत, "दादा!" मग धम्म. पुढे वरातींतही ते शिरलं. खरोखरचा बँड रस्त्यावर वाजवत असताना लोक ओरडायचे, आणि त्याशिवाय ज्योतिराम टोला देत नसत, असं म्हणतात. मी वरातींना जात नाही, ऐकीव सांगतोय.

ज्योतिराम जाऊन बरीच वर्षं झाली. स्टुडिओच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. मला सत्तरी उलटली, डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

गेल्या वर्षी वैशाखात त्याच कार्यालयाच्या दारावरून मी जात होतो. ग्रंथालयातून परतताना, पिशवीत पुस्तकं. वरात आली होती. कुणी तरणा मुलगा साइड ड्रमवर तुकडा वाजवत होता, काड्या दिसत नव्हत्या इतक्या वेगानं. गर्दीतून मला फक्त ढोलाचा वरचा अर्धा भाग दिसला. लाल अक्षरं, कमळ, 'बंधू' एवढं वाचता आलं. ढोल ज्यानं बांधला होता त्याचे केस पांढरे होते. विलासच असावा. जवळ जाऊन विचारायला हवं होतं. मी पाय उचललाही, पण मध्ये नवरदेवाचा घोडा होता, बायका होत्या, आणि ओळख काय म्हणून सांगायची हे सुचेना.

मुलाच्या काड्या बारीक होत आल्या. ज्यांना त्या शब्दाचा मालक कोण हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, अशा वऱ्हाडातल्या पोराटोरांनी एकदम आरोळी दिली, "दादा!"

पांढऱ्या केसांच्या माणसानं क्षणभर मान वर केली आणि टोला दिला. माझा उजवा हात पिशवीच्या बंदाशी तयार होता, पण तो उचलावा लागला नाही.